तानुबाई हौददरोगा यांणी शेवाळ तांबडे केले त्याची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न. कातळाच्या खळगीत साचले पाणी, त्या पाण्यात निजले शेवाळ आणि त्या शेवाळावर पडले ऊन, या तिहींस वंदन करून हकीकत लिहिली जाते. कातळशक दोनशे सात, पिंगलनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी ते फाल्गुन वद्य पंचमी, एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसू नये. नाव लिहिले म्हणजे वारस उठतात आणि म्हणतात की आमचे आजोबांस खादाड का लिहिले. तरी राज्य होते, राजेसाहेब होते, अठरा कारखाने होते आणि खादाड तर होतेच होते, इतके वाचणाराने धरून चालावे.

त्या राज्यात तानुबाई खडपे म्हणोन एक बाई होती. बाप पाथरवट, आई बापाच्या बरोबरीने दगड उचलणारी, आणि लेक उभयतांहून हट्टी. घरामागे कातळाचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, पसरला होता आणि पावसाळा सरला म्हणजे त्या सड्यावर खळग्याखळग्यांतून पाणी राही आणि त्यात हिरवे शेवाळ धरी आणि मग मार्गशीर्षाचे ऊन ते पाणी पिऊन टाकी, तेव्हा त्याच खळगीत तांबडी खपली दिसे. गावकरी म्हणत, देवी सड्यावर बसून विडा खाते आणि पिंक टाकते, तिकडे कोणी जाऊ नये. तानुबाई आठ वर्षांची असता गेली, खपली नखाने खरवडून आणिली, लोट्यात पाणी घालून सावलीत ठेविली, आणि पंधरा दिवसांनी पाहते तो लोटा हिरवागार. तिजला तेव्हाच कळो आले की देवीच्या विड्याचा येथे काही संबंध नाही. हा एकच जीव आहे, पोटभर असता हिरवा, आणि उपाशी उन्हात सापडला म्हणजे आपल्या अंगाभोवती तांबडी छत्री विणणारा. पुढे मोठी जाहली, वैद्यांपाशी राहिली, टोपीकरांचे ग्रंथ वाचिले, तो त्या छत्रीच्या रंगाचे नाव ॲस्टाझॅन्थिन ऐसे निघाले. ते नाव उच्चारिता दरबारातील निम्मी मंडळी शिंकत आणि निम्म्यांचे दात हलत, म्हणोन राज्यात त्यास 'तांबडा अर्क' म्हणण्याचा प्रघात पडला. लोखंडास जैसा गंज चढतो तैसा देहासही रोजचा गंज चढतो, त्याशी झुंजणारा हा अर्क, ऐसी त्याची ख्याती. आणि परमुलखी तो तेलात कालवून मऊ कवचाच्या गोळीत, जीस कॅप्सूल म्हणतात, भरून जेवणासोबत घेत असत. औषध नव्हे; अन्नाच्या पाठीशी उभे राहणारे पूरक. हा भेद तानुबाईने बारा वर्षे ज्याला त्याला समजाविला आणि कोणी समजून घेतला नाही, उलट बाजारात गेली म्हणजे लोक मागून 'शेवाळबाई, शेवाळबाई' म्हणत. तिजला राग येई, परंतु वळून पाहत नसे.

मग ऐसे जाहले की राजेसाहेब शेजारील राज्यात लग्नास गेले आणि तेथे पंगत उठल्यावर यजमानांनी विड्याच्या तबकात एकेक तांबडी गोळी ठेविली आणि सहज बोलावे तैसे बोलले, 'आम्ही रोज घेतो. आपल्याकडे नाही काय?' राजेसाहेबांस रणातील पराभव सोसवे, परंतु 'आपल्याकडे नाही काय' हे सोसवेना. परत येताच तानुबाईस बोलावणे गेले आणि राजेसाहेब पुसते जाहले, 'तुम्ही जे घाण पाणी सांभाळता त्यातून ती गोळी निघते म्हणतात. खरे काय?' तानुबाई म्हणाली, 'पाणी घाण नाही, महाराज. बाकी खरे.' 'किती दिवस लागतील?' 'हौद मिळाले आणि कोणी मध्ये हात घातला नाही, तर दीड महिना.' मग राजेसाहेबांनी राजवाड्यामागील कमळांचे पाच हौद दिल्हे, एकोणिसावा कारखाना म्हणोन शिक्का केला, तानुबाईस हौददरोगा नेमिले आणि वर आज्ञा जाहली की फाल्गुन वद्य पंचमीस, रंगपंचमीच्या दरबारी, पाचही हौद तांबडे दिसले पाहिजेत. न दिसल्यास हौद मातीने बुजवून तेथे पाहुण्यांचे घोडे बांधावे आणि शेवाळाचा विषय राज्यात पुन्हा काढू नये. तानुबाई होय म्हणाली. बारा वर्षे जी वाट पाहिली ती आता एका तिथीवर येऊन टेकली, हे तिजला उंबरठा ओलांडता ओलांडता उमगले, परंतु होय म्हणून चुकली होती आणि होय परत घेण्याची त्या घरात चाल नव्हती.

आता या राज्याची एक रीत सांगणे प्राप्त आहे, कारण पुढील सर्व घोटाळा तिजपासून. ज्यांणी राज्य स्थापिले त्या थोरल्या महाराजांनी ताम्रपटावर कोरून ठेविले होते की जो हजेरीपटावर नाही त्यास सरकारातून जागा नाही, पाणी नाही. आणि जो हजेरीपटावर आहे तो उपाशी राहता नये, राहिलाच तर जोवर त्याची उपासमार सरत नाही तोवर मुदपाकखान्याच्या मुख्याने मुखी अन्न घालू नये. रीत चांगली. तिच्या जोरावर राज्यातील चारशे चाकर दोन्ही वेळ पोटभर जेवत. परंतु तानुबाई हौदांस पाणी मागावयास हजेरीनविसाकडे गेली तो तो म्हणाला, 'हौदात राहणार कोण?' 'शेवाळ.' 'हजेरीपटावर आहे?' 'अहो, शेवाळ हजेरीपटावर कसे असेल?' 'मग पाणीही नाही.' बाईने कपाळास हात लाविला आणि म्हणाली, 'लिहा बाबा काय लिहायचे ते.' मग त्याने बोरू बुडवून लिहिले: चाकर, हिरवे शेवाळ, नग, बहुत, काम, तांबडे होणे. पाणी सुटले. तानुबाई वाटेने एकटीच हसत परतली आणि कामाच्या गर्दीत ती नोंद पार विसरली.

पहिले बावीस दिवस उत्तम गेले. हौदांवर झापांची सावली केली होती आणि तानुबाई रोज सोऱ्याचे पाणी घाली. सोरा म्हणजे तोच, जो दारूखान्यात बंदुकीच्या दारूत पडतो. माणसास तो आग, शेवाळास ते पक्वान्न. शेवाळ खाऊन पिऊन फुगले आणि पाचही हौद पालकाच्या पातळ भाजीसारखे दिसू लागले. मग माघ वद्य द्वादशीस तानुबाईने झापे काढिली, जुने पाणी उपसून निर्मळ पाणी भरिले, सोरा बंद केला आणि शेवाळास म्हणाली, 'आजवर लाड केले, आता उन्हात उभे राहा.' तिच्या हिशेबी आठा दिवसांत रंग फिरावा. आठ दिवस जाहले, हौद हिरवे. दहा जाहले, अधिकच हिरवे. पाणी पुन्हा बदलिले, चिमूटभर मीठ घातले, हौदांच्या काठी कल्हईची ताटे उभी करून उन्हाचे कवडसे आत सोडिले, आणि शेवाळ हिरवेच राहिले, जणू कोणी त्यास सासरहून माहेरी आणिले होते. राजेसाहेब रोज सकाळी फेरफटक्यास येत, हौदात डोकावत आणि उरले दिवस बोटांवर मोजीत परत जात. आणि विसाजीपंत म्हणोन दवंडीखात्याचे मुख्य होते, ज्यांचा आवाज मोठा आणि धीर लहान, त्यांणी तर चव्हाट्यावर आगाऊच सांगून टाकिले होते की येत्या रंगपंचमीस म्हातारपण राज्यातून हद्दपार होणार. तानुबाईची झोप उडाली. आठव्या वर्षी जे डोळ्यांनी पाहिले तेच लटके होते काय, ऐसे तिच्या मनात येऊ लागले, आणि हे मनात येणे तिजला हौद बुजण्याहून वाईट वाटले.

फाल्गुन शुद्ध दशमीस दोन प्रहरी भोजनाची घंटा जाहली आणि सगळे कारखाने ओस पडले, परंतु तानुबाईच्या घशाखाली घास उतरेना म्हणोन ती गेली नाही आणि तिसऱ्या हौदाच्या कट्ट्याआड सावलीत बसून राहिली. तो पाहते काय, मुदपाकखान्याकडून आबाजी मुदपाके पाय न वाजविता येत आहे. हा आबाजी मुदपाकखान्याचा मुख्य. देह ऐसा की दारातून आडवा होऊन यावे लागे, आणि मन त्याहून मोठे. कोणी जेवणात हात आखडता घेतला तर याच्या डोळ्यांस पाणी येई. त्याच्या हाती पितळेची मोठी झारी होती. त्याने इकडे तिकडे पाहिले, पहिल्या हौदात झारीची धार सोडिली आणि मृदु आवाजात म्हणाला, 'घ्या रे बाळांनो, पोटभर घ्या. कोणी विचारले तर माझे नाव सांगू नका.' मग दुसऱ्या हौदाशी गेला आणि तेथेही तैसेच. तानुबाई उठली. 'आबाजीकाका, झारीत काय आहे?' आबाजी ऐसा दचकला की झारी हौदात पडता पडता राहिली. 'सोऱ्याचे पाणी,' तो म्हणाला, आणि लबाडी करण्याची सवय नसल्यामुळे पुढचेही सगळे सांगून टाकिले. 'रोज आणतो. चुलीस हवा म्हणून दारूखान्यातून मागतो. तुम्ही जेवायला गेलात की घालतो. बाई, तुम्ही बावीस दिवस घालीत होतात आणि एकाएकी बंद केलेत. मला वाटले, दारूखान्याने हात आखडला असेल आणि तुम्ही मानी, मागत नसाल. पण लेकरे उपाशी, आणि ती हजेरीपटावर आहेत! मी हजेरी रोज वाचतो. हिरवे शेवाळ, नग बहुत. त्यांना उपाशी ठेवून मी कसा जेवू?'

तानुबाई कट्ट्यावर बसली आणि प्रथम हसली आणि मग तिजला रडे कोसळले, आणि दोन्ही आटोपल्यावर तिणे पदराने तोंड पुसून आबाजीस सर्व समजाविले. 'काका, तुम्ही कोळंबी रांधता. कढईत पडते तेव्हा कशी असते?' 'करडी.' 'आणि शिजल्यावर?' 'तांबडी. ते काय पोरही सांगेल.' 'तो तांबडा रंग तोच हा. कोळंबीला तो शेवाळाकडून, खाण्यापिण्यातून मिळतो. आणि शेवाळ तो फुकट करत नाही. खायला मिळेनासे झाले आणि वरून ऊन तापले म्हणजे जीव वाचवायला करते. तुम्ही जेवू घातलेत तर ते कशाला करील? तुम्ही तेरा दिवस माझ्या कारखान्याचा रोज गळा दाबलात हो, आणि तोही मायेने.' आबाजीचे तोंड उतरले. त्याने हिरव्या पाण्याकडे पाहिले. मग म्हणाला, 'आता किती दिवस उपाशी ठेवावे लागेल?' 'आजपासून धरले तर रंगपंचमीला जेमतेम पोचते. दहा दिवस.' 'आणि मी रीत मोडू?' तानुबाई म्हणाली, 'मी हजेरीपटावरून नाव काढवते.' 'नाव निघाले की पाणी निघाले. हजेरीनविसाला मी ओळखतो, तो त्याच संध्याकाळी हौद उपसेल.' हेही खरेच होते. वर ऊन मी म्हणत होते. मग आबाजीने झारी पालथी करून उरले पाणी मातीत सांडले आणि म्हणाला, 'बाई, ताम्रपटात दोन गोष्टी आहेत. उपाशी ठेवू नये ही एक. ठेवलेच तर मुख्याने जेवू नये ही दुसरी. थोरल्या महाराजांनी दुसरी लिहिली ती कधीतरी पहिली मोडावी लागेल हे जाणूनच लिहिली असणार. तेरा दिवस मी तुमचे नुकसान केले, ते भरून देतो. शेवाळ जेवेपर्यंत वा त्याची चाकरी संपेपर्यंत मी जेवत नाही.' तानुबाई म्हणाली, 'काका, वेड लागले काय? निदान ताक तरी.' 'ताक हे अन्नच,' आबाजी म्हणाला. 'माझ्या हातचे तर जेवणच.'

तेथून दहा दिवसांची जी मोहीम जाहली ती या राज्याच्या लढायांत धरली जात नाही, हा लढायांचा अपमान की सन्मान हे आम्ही ठरवीत नाही. आबाजी मीठलिंबाचे पाणी पिऊन राहिला आणि चारशे पाने दोन्ही वेळ वाढीत राहिला. तानुबाईने पाचही हौदांचे पाणी तीनदा उपसून तीनदा बदलिले, स्वतः खांद्यावर कावड घेऊन, कारण भिस्ती म्हणाले की रोज रोज पाणी पालटणे हे वेड्यांचे काम आहे. शेवाळाच्या अंगात आबाजीचे तेरा दिवसांचे खाणे साठले होते, ते सरता सरेना. पहिले चार दिवस हौद तैसेच. आबाजीच्या अंगरख्याचे बंद मात्र दोन बोटे आत आले. पाचव्या दिवशी हिरवा मळला. सहाव्या दिवशी होळी. पुरणपोळ्यांचा घमघमाट कोटाच्या बाहेर गेला आणि आबाजीने आठशे पोळ्या आपल्या हाताने लाटिल्या, आणि पुरणाची चव पाहावयाची ती कशी पाहावी हा प्रश्न पडला, तेव्हा हाताखालच्या सखू वाढपिणीस चमचा देऊन म्हणाला, 'तू खा आणि मला सांग.' ती म्हणाली, 'गोड आहे.' 'गोड तर गूळही असतो. नीट सांग.' ती म्हणाली, 'जायफळ कमी.' आबाजीने डोळे मिटून जायफळ किसले. त्याच दिवशी उतरत्या उन्हात तानुबाईस तिसऱ्या हौदाच्या काठाला, जेथे पाणी उथळ होते, वीतभर जागेत विटकरी झाक दिसली. ती धावत मुदपाकखान्यात गेली आणि दारातूनच ओरडली, 'काका, वीतभर!' आबाजी पोळपाटावर डोके टेकून बसला होता, तो म्हणाला, 'वीतभर पुष्कळ झाले. भाकरी तेवढीच असते.'

परंतु वद्य तृतीयेस, नवव्या दिवशी, एक हौद विटकरी, दोन काथ्यासारखे आणि दोन अद्याप मळकट हिरवेच होते, आणि त्याच सकाळी आबाजी भाताचे पातेले उतरविता उतरविता कोसळला. पातेले सखूने सावरिले आणि आबाजीस चौघांनी उचलून खाटेवर घातले. वैद्य आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, 'हा माणूस जेवला नाही तर उद्या परवा काय होईल सांगत नाही.' तानुबाई खाटेपाशी उभी होती. तेथे विसाजीपंत आले, तिजला बाजूस घेतले आणि उपरण्याआडून एक चिनी मातीची बरणी काढिली. 'हा रंग परमुलखातून आणविला आहे,' पंत म्हणाले. 'जमिनीतून काढितात त्या दगडाच्या तेलापासून करितात. नाव तेच, झाक तीच, राजेसाहेब तर काय, वैद्यासही फरक कळणार नाही. पाचही हौदांत ओता, दोन घटकांत तांबडे. दरबार उद्यावर नाही, परवावर आहे, पण आबाजी आजच जेवतो. एका माणसाचा जीव वाचतो, तुमचा कारखाना वाचतो आणि माझी दवंडी वाचते. यात पाप ते कसले, बाई?' आणि बरणी तिच्या हाती ठेविली. खोटे कशाला लिहा, तानुबाईने ती परत केली नाही. हाती धरली आणि हौदांकडे चालू लागली. आबाजीचा चेहरा तिजला पुढे दिसत होता. चौथ्या हौदाच्या काठी उभी राहिली, बरणीचे झाकण काढिले, आणि आत पाहिले तो रंग खरेच सुरेख. मग तिणे मनात म्हटले की हा ओतला तर उद्यापासून मला गोळीवर लिहावे लागेल 'शेवाळाचा अर्क', आणि जो कोणी ती गोळी जिभेवर ठेवील तो माझ्या शब्दावर ठेवील, आणि आबाजीकाका ज्यासाठी खाटेवर पडले ते मीच खोटे केले ऐसे होईल. तिणे झाकण लाविले, परत गेली, खाटेपाशी बसली आणि आबाजीस म्हणाली, 'काका, मी आत्ता जाऊन तुमचे नाव मुदपाकखान्याच्या मुख्यपदावरून काढवते. मुख्य नसलात तर जेवता येईल.' आबाजी डोळे न उघडता म्हणाला, 'तिसाव्या वर्षी मुख्य झालो. आता एका भातासाठी पद सोडू? हौद किती झाले?' 'एक पुरा, दोन अर्धे.' 'मग येथे काय बसलात? त्या ताटांचे ऊन हलले असेल. जा.' तानुबाई उठली आणि दारातच, आबाजीस ऐकू जाईल ऐसे, विसाजीपंतांच्या हाती बरणी देऊन म्हणाली, 'पंत, परवा रंगपंचमी आहे. हा रंग खेळायला छान आहे.' पंत रागाने लाल जाहले आणि निघून गेले.

मग वद्य चतुर्थीस ऐसे ऊन पडले की कातळ अनवाणी तुडविता येईना, आणि तानुबाई ताटे घेऊन सूर्याबरोबर फिरत राहिली, उन्हाचा एक कवडसा वाया जाऊ दिला नाही, आणि तिसऱ्या प्रहरी दुसरा आणि पाचवा हौद पुरते फिरले, आणि दिवस बुडता बुडता पहिला. चौथा मात्र शेवटपर्यंत अर्धा हिरवा आणि अर्धा तांबडा राहिला, त्यास तिणे झाकून ठेविले नाही. पंचमीस सकाळी दरबार हौदांच्या काठीच भरला. लोकांचे हात गुलालाने माखलेले. राजेसाहेब आले आणि पाचही हौदांच्या काठाने फिरून पाहिले. मग म्हणाले, 'शेजाऱ्यांचे हौद इतके तांबडे नाहीत.' खुशी जाहली. ती पाहून विसाजीपंतांस जोर आला आणि ते पुढे सरून ललकारले, 'ऐका हो ऐका! या गोळीने म्हातारपण पळेल, केस काळे होतील, दृष्टी गरुडाची, शक्ती हत्तीची!' राजेसाहेब भुवईतील एका पांढऱ्या केसावर बोट फिरवीत म्हणाले, 'तानुबाई, हा काळा होईल तर.' आणि सर्व दरबार तिजकडे पाहू लागला. होय म्हणणे सोपे होते, परंतु तानुबाई म्हणाली, 'नाही, महाराज.' 'नाही?' 'केस काळा होत नाही. म्हातारा तरणा होत नाही. देहास रोज गंज चढतो, त्याच्याशी झुंजणारा हा रंग, इतके ग्रंथांत आहे. काही विद्वानांनी ठरविले आहे, बहुत ठरावयाचे आहे. हे औषध नव्हे. तुपाच्या घासाबरोबर थोडी घ्यावी, जेवण सोडून घेऊ नये. मी याहून अधिक सांगितले तर ते माझे नाही, पंतांचे.' राजेसाहेबांची मर्जी उतरली. म्हणाले, 'इतक्यासाठी पाच हौद? त्याहून घोडे बांधलेले बरे.' आणि मातीच्या पाट्या घेऊन उभे असलेल्या गवंड्यांकडे हात जावयास लागला.

तो हात मध्येच थांबला, कारण पुढल्या रांगेत सखूच्या खांद्यावर भार देऊन एक माणूस उभा होता, अंगरखा दोन माणसांचा आणि आत एकच. राजेसाहेब म्हणाले, 'हे कोण?' कोणी म्हणाले, 'आबाजी मुदपाके.' 'आबाजी?' राजेसाहेब स्वतः उठून जवळ गेले. 'आबाजी, तुझे पोट कोठे गेले?' मग हजेरीनविसाने चाचरत चाचरत हजेरीपट, ताम्रपट, झारी आणि दहा दिवस, सर्व सांगितले. राजेसाहेब म्हणाले, 'या गोळीच्या गुणावर तुझा इतका भरवसा?' आबाजी म्हणाला, 'महाराज, गोळीचे मला काय कळते? मी तर चाखलीही नाही. पण तेरा दिवस मी हौदाचे वाटोळे केले तरी बाईंनी खोटा रंग ओतला नाही. काल परवा तर हातात होता. ज्यांनी शेवाळाशी लबाडी केली नाही, त्या खाणाराशी करणार नाहीत. एवढे ओळखायला गोळी खावी लागत नाही.' विसाजीपंत गुलालाच्या ताटाकडे पाहू लागले. राजेसाहेबांनी दोन्ही हातांनी आबाजीस सावरिले आणि मोठ्याने आज्ञा केली, 'ज्या कारखान्यासाठी आमचा आबाजी होळीची पोळी न खाता राहिला, तो बुजविण्याची आमची छाती नाही. माती परत न्या. चौथा हौद तसाच राहू द्या, आणि दवंडी तीच द्यावी जी बाई बोलल्या, अक्षर कमी नाही आणि अक्षर अधिक नाही.'

मग तानुबाईने पहिल्या हौदाचे बूच काढिले आणि तांबडे शेवाळ गाळण्यात उतरले, आणि हजेरीनविसाने हजेरीपटावर त्या नावापुढे काय लिहावे म्हणोन पुसले. तानुबाई म्हणाली, 'रणात पडतात त्यांच्यापुढे काय लिहिता?' 'कामी आले.' 'तेच लिहा.' लिहिले गेले, चाकरी संपली, आणि सखूने तूपभाताचे ताट आबाजीपुढे आणिले. आबाजीने पहिला घास उचलिला आणि तोंडाशी नेऊन खाली ठेविला. म्हणाला, 'कामी आलेल्यांच्या मुलाबाळांस सरकारातून बालपरवेशी मिळते. यांचे मागे कोण आहे?' तानुबाईने सावलीतील एक लहान हंडी आणून त्याच्यापुढे ठेविली. तीत पुढील पिकासाठी राखिलेले हिरवे शेवाळ होते, कोवळे आणि पोटभर. 'हे आहेत. यांना अजून महिनाभर भरपूर खायला द्यायचे आहे. आणि ते काम मी दुसऱ्या कोणाला देणार नाही.' आबाजीने हंडीकडे पाहिले, मग घास घेतला, आणि रडत रडत जेवला, आणि त्यास कोणी हसले नाही.

पुढे शेवाळ वाळविले, त्याची जाड कवचे फोडिली, तेलात कालविले आणि पाडव्यास गोळ्या जाहल्या. विसाजीपंतांनी चव्हाट्यावर उभे राहून राज्यातील आजवरची सर्वांत रडकी दवंडी दिल्ही, 'ऐका हो ऐका, ही गोळी औषध नव्हे, रोज एक, जेवणाबरोबर, गर्भिणींनी आणि वैद्याचे औषध चालू असणारांनी आधी वैद्यास पुसावे', आणि लोक हसून घरी गेले. दुसरे दिवशी थोडे आले, तिसरे दिवशी आणखी थोडे. येणारांत बहुत करून म्हाताऱ्या होत्या, ज्यांस आयुष्यभर फार मोठमोठ्या गोष्टी सांगण्यात आल्या होत्या.

येणेप्रमाणे एकोणिसावा कारखाना उभा राहिला. तानुबाई हौददरोगा त्याजवर बत्तीस वर्षे होती आणि बाजारात लोक तिजला शेवाळबाईच म्हणत राहिले. आता ती वळून पाही. राजेसाहेब रोज जेवणात तुपाच्या घासाबरोबर एक गोळी घेत, आणि भुवईतील पांढरा केस तैसाच राहिला आणि त्यास शेजारी मिळाले, आणि दोन्ही भुवया कापसासारख्या जाहल्या. त्याबद्दल त्यांणी तानुबाईस कधी एका शब्दाने बोल लाविला नाही, कारण तिणे तसे कबूल केलेच नव्हते.